एका भागात सोळा भाग पाणी

ती घटना आजही आठवली की मला स्वतःचाच राग येतो. तीसच्या दशकात श्रीवर्धनच्या बाजूला, किनाऱ्यावरच्या एका ठाण्यात मी फौजदार होतो. सकाळची हजेरी चालू असताना एक गृहस्थ धावत आले. "साहेब, सुईणीनं माझ्या नातवाचे डोळे जाळले! मिठाचं पाणी ओतलं तिनं!"

नातू आदल्या दिवशीच जन्मलेला. पापण्या सुजून काळ्या पडल्या होत्या. सुईण म्हातारी, विधवा. त्या घराशी तिचं अंगणाच्या हद्दीवरून भांडण होतं. हेतू सापडला, साक्षीदार सापडला. मी तिला अटक करून मोकळा झालो.

जबाब घेताना मी बराच आवाज चढवला. तिचं एकच पालुपद. "डोळं येऊ नयेत म्हनून दवाखान्यातलं थेंब घातलं, दर बाळंतपनात घालते तेच. पोर किंचाळलं म्हनून मीठपान्यानं डोळं धुतलं. पन साहेब, पोरानं डोळं उघडलं का?"

"तुझं काय ते बोल!" मी खेकसलो.

"माझं काय हाय? ही बोटं बघा, थेंबानं काळी झाली. आदी कधी झाली न्हवती."

मी चपापलो. औषध तेच, मग बोटं या खेपेलाच काळी कशी? दवाखान्यातून बाटली जप्त केली, पंचनामा केला. बाटली मुंबईहून नवीनच आली होती. कंपाउंडरनं बाटलीवरच्या चिठ्ठीतला एकचा आकडा पाहिला आणि नेहमीचे एक टक्क्याचे थेंब समजून सुईणीला दिले. पुढचा इंग्रजी शब्द त्याला कळलाच नव्हता.

शाळेतल्या विज्ञानाच्या मास्तरांनी चिठ्ठी वाचली आणि कपाळावर हात मारला. "अहो, हे प्रयोगशाळेचं, एक मोलर! या थेंबांतल्या सिल्व्हर नायट्रेटचा एक मोल म्हणजे एकशेसत्तर ग्रॅम, तो एका लिटरात. म्हणजे शंभराला सतरा! एक टक्का करायला याच्या एका भागात सोळा भाग पाणी हवं. आणि मिठानं हे औषध निकामी होतं. बाईनं धुतलं नसतं तर पोर आंधळं झालं असतं."

तिला मी त्याच दुपारी सोडलं. ती घरी गेली नाही, त्या गृहस्थांच्या ओट्याखाली बसून राहिली. तिसऱ्या दिवशी पोरानं डोळे उघडून उजेडाकडे पाहिलं, तेव्हा त्यांनीच तिला हात धरून आत नेलं. दोघंही रडत होती. कोठडीतला माणूस आधी कोणाची चौकशी करतो, हे मी तेव्हापासून कान देऊन ऐकू लागलो.

पुढच्या वर्षी मला मुलगी झाली. बाळंतपणाला बोलावणं त्या सुईणीलाच धाडलं होतं. चाचरत माफी मागितली.

"ऱ्हाऊ दे साहेब," डोळ्यांच्या थेंबांची बाटली माझ्या हातात देत ती म्हणाली, "आदी ही बाटली मास्तरांना दाखवून आना."

मी टोपी चढवली आणि निघालो.