पूर्ण झालेला महिना

फिजिओथेरपीची पदवी घेऊन मी आदिलाबादला परत आले तेव्हा माझ्यापुढे दोनच वाटा होत्या. हाडांच्या डॉक्टरकडे पडद्यामागे शेकाचं मशीन लावत बसायचं, नाहीतर हैदराबाद गाठायचं. आईची तब्येत बरी नसायची, म्हणून हैदराबाद नको होतं. तेवढ्यात कापूस मार्केटच्या रस्त्यावर बियाण्यांच्या दुकानावरच्या मजल्यावर एक ऑफिस उघडलं. काम अमेरिकेतल्या क्लिनिकांचं होतं. बाबा शाळेतून निवृत्त झालेले मास्तर. भेटेल त्याला ते सांगायचे, “पोरगी इथूनच अमेरिकेचे पेशंट पाहून राह्यली.”

पेशंट मी कधी पाहिलेच नाहीत. ऑपरेशन होऊन घरी गेलेल्या म्हाताऱ्या माणसांच्या मोबाईलवर एक ॲप असायचं. त्यात रोजचा व्यायाम दिसायचा, तो करून ‘झालं’ असं बटण दाबायचं. महिन्यातले ठरलेले दिवस ते बटण दाबलं गेलं आणि आमच्यापैकी कोणी एकदा फोनवर बोललं, की क्लिनिकला त्या महिन्याचं बिल लावता यायचं. नियम वाईट नव्हता. घरी एकट्या पडलेल्या माणसावर कोणाची तरी नजर राहावी म्हणूनच तो केलेला असणार. आमच्या ऑफिसात त्या नियमाचं फक्त टरफल उरलं होतं.

हैदराबादहून आलेला आमचा मॅनेजर गोड बोलायचा. त्यानं पेशंटना रोज आपोआप जाणारा एक निरोप लिहून ठेवला होता. “आज व्यायाम जमला नाही तरी हरकत नाही, ‘झालं’ तेवढं दाबा. आम्ही तुमच्यासोबत आहोत.” पेशंटनी उलट काही लिहिलं तर ते आमच्या स्क्रीनवर एका कोपऱ्यात साचत राहायचं. ते वाचायचं काम कोणाकडेच नव्हतं.

मी एकदा वाचलं. एका बाईंनी लिहिलं होतं, “तिकडे कोणी आहे का?” त्या आधीच्या ओळीत होतं, “गुडघा फार गरम लागतो.” शाळेची बस चालवून निवृत्त झालेल्या ह्या बाईंचा गुडघा बदलला होता. महिन्याच्या सुरुवातीला मी त्यांच्याशी बोलले होते, तेव्हा त्या चांगल्या हसून बोलल्या होत्या. मी लगेच फोन लावला. आमच्याकडे संध्याकाळ, त्यांच्याकडे सकाळ.

“तू खरी माणूस आहेस ना?” त्यांनी पहिल्यांदा हेच विचारलं.

“हो. व्यायाम जमतोय का?”

“कुठला व्यायाम, बाळा? पाय वाकतच नाही. टाक्यांतून पाणी येतंय.”

“पण तुम्ही तर रोज ‘झालं’ दाबताय.”

“निरोप येतो ना, नुसतं दाबलं तरी चालेल म्हणून. मला वाटलं, दाबलं नाही तर तुम्ही लोक मला सोडून द्याल.”

मी त्यांना सांगितलं, आत्ताच्या आत्ता दवाखान्यात जा, शेजाऱ्यांना हाक मारा. फोन ठेवून क्लिनिकच्या नर्सला तातडीचा निरोप पाठवत होते, तर मॅनेजर मागे येऊन उभा राहिला.

“मॅडम, इनका इस महीने का कॉल तो हो चुका था ना? फिर काहे को लाइन अटकाई?”

“त्यांच्या गुडघ्यात पू झालाय,” मी मराठीतच बोलले. तो आदिलाबादला राहून मराठी समजायला लागला होता.

“वो क्लिनिक देखेगा. हम क्लिनिक नहीं हैं.”

आणि पेशंटनी विचारलं तर मात्र ‘क्लिनिककडून बोलतेय’ असं सांगायची सक्त ताकीद ह्याच माणसानं दिली होती.

पुढच्या आठवड्यात महिना संपला. आमच्या सगळ्या पेशंटचे दिवस भरले, एकही बिल अडकलं नाही, म्हणून ऑफिसात केक आला. त्याच दुपारी नर्सचं उत्तर आलं होतं. जंतू सांध्यापर्यंत गेले होते आणि बसवलेला गुडघा काढावा लागला होता. स्क्रीनवर त्या बाईंच्या नावापुढे हिरवा रंग होता. दवाखान्यात जाण्याआधीही त्यांनी बटण दाबलं होतं. महिना पूर्ण. मॅनेजरनं माझ्या हातात केकची बशी दिली. वरचं पांढरं क्रीम उकाड्यानं विरघळून ओघळत होतं. मला टाक्यांतून येणारं ते पाणी आठवलं. बशी टेबलावर ठेवून मी जिन्याकडे निघाले.

तो मागोमाग जिन्यात आला. हळू आवाजात म्हणाला, “एक छोटी सी नोट डाल दीजिए. महीने की शुरुआत वाले कॉल की तारीख में. कि आपने पेशंट को वॉर्निंग दी थी, उसी ने सुना नहीं.”

“मी नाही लिहिणार.”

“कोई बात नहीं. कोई और लिख देगा.”

आणि कोणीतरी लिहिली. कोणी, ते मी शोधलं नाही.

नियम पाळले जातात की नाही हे बघणारा एक वेगळा विभाग कंपनीत होता. मी त्यांना सगळं सविस्तर कळवलं. वाटलं, चौकशी होईल. त्या बाईंना निदान माफीचा एक फोन जाईल. झालं असं की ऑफिसातल्या सगळ्यांना प्रामाणिकपणावरची एक फिल्म बघायला लावली, आणि ती दाखवायला मॅनेजरच उभा राहिला. शेवटी प्रश्न होता, ‘खोटी नोंद आढळल्यास तुम्ही काय कराल?’ सगळ्यांनी बरोबर उत्तरावर खूण केली. त्यानंही केली आणि मिळालेलं सर्टिफिकेट केबिनच्या काचेला चिकटवलं. मी त्याच दिवशी राजीनामा दिला.

घरी आई म्हणाली, “जेवून काऊन नाही राह्यली तू? कोणी काही बोललं का?”

बाबांना मी सगळं सांगितलं. ते म्हणाले, “त्या बाईचं पुढं काय झालं?”

ते मला आजही ठाऊक नाही. राजीनामा दिला तशी स्क्रीन बंद झाली आणि त्यांचा नंबरही तिच्यासोबत गेला.

आता मी स्कूटरवरून घरोघरी जाते, कधी नेरडीगोंड्यापर्यंतही. लकव्याचे, हाडं मोडलेले पेशंट असतात. पाय धरून वाकवायचा, ‘दुखून राह्यलं माय’ ऐकायचं, सूज हातानं चाचपायची.

परवा स्टेशनजवळच्या हॉटेलात चहा घेत होते, तर तो मॅनेजर समोर येऊन बसला. ऑफिसनं आता खालचा मजलाही घेतलाय म्हणे.

“मॅडम, वापस आ जाइए,” तो हसून म्हणाला. “अब तो कंधे और कमर वाले पेशंट भी ले रहे हैं.”

त्याच्या आवाजात कुठेही चोरटेपणा नव्हता. मला खरंच चांगली संधी देतोय, अशाच थाटात तो बोलत होता. चहा अर्धा उरला होता, पण तोंडाला लावावासा वाटेना. मी उठले आणि गल्ल्यावर पैसे ठेवून बाहेर पडले.