पडणाऱ्याची डिग्री

आमचे हे ज्युदो शिकवतात. पोटासाठी पाणीपुरवठा खात्यात मीटर तपासायचे, त्यातून निवृत्तही झाले, पण "तुमचे मिस्टर काय करतात?" असं कुणी विचारलं की माझ्या तोंडून ज्युदोच येतं. वाचनालयामागचा हॉल, वर पत्रा, खाली निळ्या मॅट आणि कोपऱ्यात घामट जॅकेटांचा ढीग. तो ढीग माझ्या वाट्याचा. क्लबातली फाटकी जॅकेटं मीच शिवते, आणि शिवताना वास येऊ नये म्हणून नाकाला ओढणी बांधते.

जॅकेट कुठे फाटलंय ते बघून मला माणूस ओळखता येतो. यांचं जॅकेट वर्षाकाठी एकदा शिवायला यायचं. धाकट्या भाऊजींचं दर महिन्याला. बाही खांद्यापासून उसवलेली, पाठ घासून विरलेली. कारण हे फेकायचे आणि भाऊजी पडायचे.

ब्लॅक बेल्टनंतर पुढची डिग्री हवी तर परीक्षेला जोडीने उभं राहावं लागतं. पंधरा ठरलेले डाव, एकदा उजवीकडून, एकदा डावीकडून. म्हणजे तीस वेळा एकाने फेकायचं आणि दुसऱ्याने आपटायचं. डिग्री फेकणाऱ्याला. पडणाऱ्याला साधा कागदसुद्धा नाही. पण पडणारा कच्चा निघाला तर फेकणारा कितीही वाघ असू दे, नापास!

यांनी तीन डिग्र्या घेतल्या. तिन्ही वेळा भाऊजी पडले. परीक्षेच्या आधी दोन-दोन महिने रोज तीसदा. आणि प्रत्येक वेळी घरी येऊन चहा पिताना यांचं ठरलेलं वाक्य, "पुढच्या वर्षी तुझी. मी पडतो." भाऊजी हसायचे, "बरं, दादा." पुढच्या वर्षी यांचा अंगठा मोडला. त्याच्या पुढच्या वर्षी पंचांचा कोर्स निघाला. मी दोनदा टोकलं, तर म्हणाले, "अगं, तो कुठे पळून चाललाय?"

शेवटी भाऊजींनी स्वतःच फॉर्म भरला. दोन महिने भावाभावांनी तयारी केली. आणि परीक्षेच्या चार दिवस आधी क्लबच्या टीमला बाहेरगावच्या स्पर्धेचं बोलावणं आलं. तारीख तीच. हे टीम घेऊन निघाले.

"आणि भाऊजींचं काय?" मी विचारलं.

"आपला बुटका उभा राहील की. पडायला काय लागतं!"

बुटका म्हणजे क्लबातला एक टपाल कारकून, स्वभावाने गरीब गाय. परीक्षेला मी बघायला गेले होते. सहा डाव नीट झाले. सातव्याला बुटका घाबरला, हवेतच अंग ताठ केलं. तसाच सोडला असता तर मानेवर पडला असता. भाऊजींनी डाव अर्ध्यावर थांबवून त्याला मिठी मारून धरलं. परीक्षकांनी कागदावर काट मारली. भाऊजींनी वाकून नमस्कार केला, बुटक्याची पाठ थोपटली आणि जॅकेट माझ्या हातात दिलं. "वहिनी, हे आता शिवू नका," एवढंच म्हणाले. महिन्याभरात त्यांनी दुसऱ्या शहरात वायरमनची नोकरी धरली. याला अकरा वर्षं झाली.

फोन यायचा, पण मला. "दादा बरा आहे ना?" की झालं. हे शेजारी बसून पेपर वाचल्याचं सोंग करत ऐकत राहायचे, आणि फोन ठेवला की विचारायचे, "काय म्हणत होता? खोकला येत होता का त्याला?" अहो, मग घ्या ना फोन! पण नाही.

क्लबात नवा डाव दाखवायचा झाला की अजूनही यांचा हात न बघता डावीकडे जातो, भाऊजी उभे राहायचे तिथे. तिथे कुणी नसतं. मग हे गडबडून समोरच्या कुणालातरी बोलावतात. या माणसाला भावाची किती आठवण येते ते मला माहीत आहे. मला त्यांची दया येते आणि रागही येतो, दोन्ही एकदमच.

या वर्षी अठ्ठावन्नाव्या वर्षी यांनी परीक्षेचा फॉर्म आणला आणि माझ्यापुढे ठेवला. फेकणाऱ्याच्या रकान्यात भाऊजींचं नाव. पडणाऱ्याच्या रकान्यात स्वतःचं.

"बैल गेला आणि झोपा केला," मी म्हणाले.

"तू त्याला बोलाव. तुझं ऐकेल," हे म्हणाले. आवाज असा बारीक, की मी लगेच फोन लावला.

भाऊजी "बघतो" म्हणाले. तेवढ्यावर हे पडायला लागले. शिकवणी संपली की कॉलेजातल्या दणकट पोरींना सांगायचे, फेका मला. पहिल्या दिवशी बाराव्या फेकीला धाप लागली. घरी आले ते कंबर धरून. मी पाठ शेकायला घेतली तर खांद्यापासून मांडीपर्यंत काळंनिळं.

"तो हे रोज सोसायचा," उशीत तोंड खुपसून म्हणाले. "रोज, गं. आणि मी म्हणालो पडायला काय लागतं."

मी शेकत राहिले.

महिन्याभराने तीसच्या तीस जमायला लागले, आणि एका रविवारी भाऊजी आले. केस पांढरे, चाल जरा वाकडी. हे हॉलवर आधीच तयार होऊन उभे. मॅटवर गेल्यावर ना हाक, ना हालहवाल. "धर," म्हणाले, आणि स्वतःची कॉलर पुढे केली.

भाऊजींनी कॉलर धरली. पण फेकलं नाही.

"दादा, खुब्यात प्लेट आहे. शिडीवरून पडलो, चार वर्षं झाली. डॉक्टरांनी फेकणंही बंद सांगितलंय आणि पडणंही."

मला हे ठाऊक नव्हतं. आमच्याकडे फोनवर नेहमी दादाचीच चौकशी, त्यांची आम्ही कधी केलीच नाही. मेली माझी अक्कल!

"मग फॉर्म?" हे लहान मुलासारखे म्हणाले. "मी तयारी केली रे. तीसही जमतात मला."

"वहिनींनी सांगितलं. म्हणून तर आलो. फोनवर नाही म्हणवेना."

"मी तुझी डिग्री घालवली."

"डिग्री गेली चुलीत," भाऊजी म्हणाले. कॉलर अजून सोडली नव्हती. "मला पडायला आवडायचं, दादा. तू फेकताना माझी बाही शेवटपर्यंत सोडायचा नाहीस. त्या दिवशी तू नुसता असायला हवा होतास. नापास झालो असतो तरी चाललं असतं."

हे तिथेच मॅटवर बसले. भाऊजींना पटकन बसता येत नाही, ते एक हात टेकवून, पाय लांब करून हळूहळू शेजारी टेकले. मी दाराशी उभी राहून रडून घेतलं, मग चहा आणायला गेले. परत आले तर हे भावाच्या खुब्यावर हात ठेवून विचारत होते, कुठे दुखतं, थंडीत जास्त दुखतं का.

भाऊजींची बस सव्वाचारची होती. यांनी ती जाऊ दिली आणि त्यांना साडेसहाच्या बसमध्ये बसवलं. सव्वादोन तास जास्त मिळाले.