मुरघासाचा पुठ्ठा

दाजींचा फोन आला तेव्हा मी सोलापुरात घरी पडदे धूत होते. "अक्का खड्ड्यात पडली," एवढंच ते म्हणाले. मला वाटलं, पाय मुरगळला असेल. गुडघ्यांची काळजी हिनं कधी केली होती! पण मोहोळच्या दवाखान्याच्या दारातच अक्का गेली होती... थोरली बहीण गेली की आई दुसऱ्यांदा जाते, हे मला त्या दुपारी कळलं.

तो खड्डा मुरघासाचा. ओल्या मक्याची, हत्तीघासाची कुट्टी करून खड्ड्यात थर घालायचे, तुडवून तुडवून हवा काढायची, वर प्लास्टिक आणि माती. आत हवा राहिली की बुरशी धरते. नाही राहिली तर घास महिनोन्‌महिने टिकतो, आंबूस, कोमट. मला त्या वासाची भीतीच वाटायची. मेलेलं, पण न कुजलेलं काहीतरी जवळ असावं तशी. अक्का हसायची. "झोपलाय त्यो. उठवला की कामाला लागतोय."

कामाला लावायचं वेडही तिचंच. म्हशींना घालून उरलेल्या मुरघासाचा रस पिळायचा, चोथा धुऊन शिजवायचा, लगदा जाळीवर पसरून यंत्रात दाबायचा. त्याचे पुठ्ठे सोलापुरात चादरींच्या घडीत जायचे. यंत्रात घालण्याआधी प्रत्येक ओल्या पुठ्ठ्यावर अक्का डावा पंजा थापायची. ओल किती उरलीय ते तिला हातालाच कळायचं. दाबल्यावर पुठ्ठा गुळगुळीत व्हायचा. पण हवा दमट झाली की फुगायचा आणि पंजा पुन्हा वर यायचा, कडबाकुट्टीच्या यंत्रात अर्धी गेलेल्या करंगळीसकट. चादरीवाल्यानं एकदा अख्खा गठ्ठाच परत पाठवला. "बाई, गिऱ्हाईक घाबरतंय की!" अक्कानं ते पुठ्ठे माझ्या घरी आणून टाकले. "तू घाबरू नगंस. माझाच हात हाय."

शेवटच्या खड्ड्याचा वरचा थर तुडवताना ती मधोमध कोसळली ती उठलीच नाही. तिला उचलून गाडीत घातलं तेव्हा म्हणाली, "आदी खड्डा झाका, वारं लागंल." गड्यांनी घाईघाईनं झाकला. आत कुणी पाहिलं नाही.

मग घास मुरून तयार झाला तरी दाजी तो उघडू देईनात. म्हशींना दुसरा चारा नव्हता, पुठ्ठ्यांची मागणी अडून राहिली होती, आणि अक्काची लेक सुरेखा नोकरी सोडून त्या थंड यंत्रापाशी येऊन बसली होती. खड्डा उघडला नाही तर अक्काचं काम तिच्याबरोबरच मातीआड जाणार होतं.

"तिच्या पायाखालचं हाय ते," दाजी म्हणाले. "त्याला फावडं लावू व्हय?"

"आप्पा, आई आत न्हाय," सुरेखा म्हणाली. "घास हाय."

शेवटी मीच दाजींना धरून तिथं नेलं, माती सारली आणि प्लास्टिक ओढलं. वाफ आली, तो वास आला... आणि हिरव्या थरावर, गड्यांच्या चपलांच्या ठशांत, अक्काची अनवाणी पावलं दिसली. कडेपासून मध्यापर्यंत. तिचं परतीचं एकही नव्हतं. जिथं ती संपत होती तिथं पंजाचा खळगा होता, करंगळीच्या जागी अर्धाच. दाजी खाली बसले आणि त्यात हात ठेवून राहिले. "ऊन हाय गं अजून." उघडलेला मुरघास कोमट असतोच, हे मला ठाऊक होतं. तरी मी माझा हात पदरात ओढून घेतला. पण एकदा उघडला की मुरघास रोज काढावा लागतो, नाहीतर सगळा जातो. दाजी उठले, आणि पहिलं फावडं त्यांनीच मारलं.

त्या थराचे पुठ्ठे सुरेखानं केले. ती थापत नाही. ओल मोजायचं छोटं यंत्र आहे तिच्याकडे. त्या पुठ्ठ्यांतला एक तिनं मला दिला. गुळगुळीत, कोरा. मी तो देव्हाऱ्याशेजारी भिंतीला टेकवून ठेवला.

गेल्या आठवड्यात आभाळ धरून होतं, कपडे वाळेनात. सकाळी केर काढताना पाहिलं तर पुठ्ठा फुगलेला, आणि मधोमध पंजा. मी लगेच सुरेखाला फोन लावला.

"मावशी, देवाशप्पथ, हात लावलाच न्हाय मी." मग तिचा आवाज बारीक झाला. "करंगळी बघ की."

बघितली. अर्धी होती.

घाबरू नगंस, असं अक्का म्हणाली होती. मी घाबरले, खोटं कशाला बोलू... केरसुणी कोपऱ्यात टेकवली. मग जवळ जाऊन त्या पंजावर माझा पंजा टेकवला. आणि आयुष्यात पहिल्यांदा माझ्या हाताला कळलं, ओल अजून उरलीय.