पार्लमेंटला गेलेलं निरंक

“दोन वाजेपर्यंत पाहिजे,” साहेब म्हणाले. “दोन म्हणजे दोन. सव्वादोन नाही.”

घड्याळात साडेअकरा होऊन गेले होते. आमचे साहेब एरवी बेल मारून बोलवायचे. त्या गुरुवारी ते स्वतः प्रिंटआउट घेऊन माझ्या टेबलापर्यंत चालत आले, तेव्हाच मी ओळखलं. पार्लमेंट क्वेश्चन.

सरकारी ऑफिसचं वारं न लागलेल्यांसाठी सांगतो. खासदार दिल्लीत प्रश्न विचारतात, मंत्री उत्तर देतात. पण गावोगाव काय चाललंय हे मंत्र्यांना कुठून ठाऊक असणार? म्हणून प्रश्न दिल्लीहून राज्याकडे, राज्याकडून जिल्ह्याकडे, असा उतरत उतरत शेवटी माझ्यासारख्या एखाद्या क्लार्कच्या टेबलावर येतो. खाली उतरताना प्रत्येक टेबलावर दोन-दोन दिवस मुरतो. वर जायला मात्र दोन तास. त्यातून हा तारांकित, म्हणजे मंत्री सभागृहात उभं राहून तोंडी उत्तर देणार. असा प्रश्न आला की बाकी सगळं बंद. कुणी मेलं तरी उद्या या म्हणायचं.

मी फौजेत चोवीस वर्षं क्लार्क होतो. सुभेदार होऊन पेन्शनवर आलो. सीमेवर लढाई पेटली तेव्हा जवानांच्या घरच्यांसाठी कोल्हापुरात एक तात्पुरता मदत कक्ष उघडला, आणि फौजेची भाषा कळणारा माणूस पाहिजे म्हणून मला कंत्राटावर घेतलं. दोन खोल्या, दोन कॉम्प्युटर, एक फोन आणि व्हरांड्यात एक लांब बाकडं, एवढाच संसार. साहेब महसूल खात्यातून आलेले. माणूस वाईट नव्हता. फक्त वरून आलेल्या मेलला फार भ्यायचा.

प्रश्नाचे चार भाग होते. शेवटचा नागरिकांविषयी होता. युद्धकाळात जिल्ह्यातल्या जनतेला काय प्रशिक्षण दिलं, भोंग्याची व्यवस्था काय, वगैरे. त्याची आम्हाला काळजी नव्हती. आता कोल्हापूर कुठं आणि सीमा कुठं, पण रंगीत तालीम आम्हीपण दणक्यात केली होती. भोंगा वाजला तशी माणसं आत पळायचं सोडून मोबाइल काढून रस्त्यावर आली. एकजण मलाच म्हणाला, “पावणं, परत कवा वाजिवणार? घरातल्यांनी बगितला न्हाय.” पण फोटो होते, हजेरीपट होता, बॅनरचा मजकूरसुद्धा फाइलला होता. त्या एका भागाचं उत्तर अडीच पानं झालं.

(अ) मध्ये जिल्ह्यातले किती जवान आघाडीवर, एवढंच होतं, तो आकडा तयार होता. राहिला भाग (ब). जिल्ह्यातल्या किती कुटुंबांनी आघाडीवरच्या जवानाची खुशाली विचारली आणि त्यांना ती मिळू शकली नाही? आणि (क), त्यांच्याबाबतीत काय कार्यवाही केली?

मी आवक रजिस्टर काढलं. ऑफिसला येणारा प्रत्येक कागद या रजिस्टरात चढतो आणि त्याला नंबर पडतो. नंबर पडला की तो कागद जन्माला आला. त्याच्यामागं स्मरणपत्र लागतं, उत्तर लागतं, सही लागते. नंबर नसलेली गोष्ट ऑफिसच्या लेखी घडलेलीच नसते. खुशालीसाठी लेखी अर्ज किती, ते मी पान पान उलटून बघितलं. एकही नव्हता.

तेवढ्यात हुपरीच्या आक्का आल्या.

आक्का दर गुरुवारी यायच्या. हा चौथा गुरुवार. माझ्यापेक्षा वयानं लहानच, पण सगळे त्यांना आक्काच म्हणत, म्हणून मीही. मूळच्या हातकणंगल्याच्या. दोन वर्षांपूर्वी नवरा गेला, तेव्हा घर सोडून हुपरीला भावाकडं आल्या. घरातच पैंजणांचं काम करत. चांदीच्या कड्या जोडायला डाग देऊन देऊन बोटांची टोकं भाजलेली. एकुलता एक मुलगा, संदीप, पायदळात, अगदी पुढच्या चौकीवर. लढाई लागली आणि त्याचा फोन बंद झाला.

पहिल्या गुरुवारी त्यांनी हे सगळं मला सांगितलं होतं. मालक गेले, घर बदललं, सगळं. मी पाणी दिलं, खुर्ची दिली आणि म्हणालो, “आक्का, पुढं मोबाइल चालत नाहीत. फौजेचा नियम आहे, काही वाईट झालं तर बातमी सगळ्यात आधी घरी येते. बातमी नाही म्हणजे चांगलं आहे.” त्यांनी विचारलं, “अर्ज-बिर्ज द्यायचा का?” मी म्हणालो, “कशाला? अर्ज केला की उगीच गावभर बोभाटा. मी आहे ना.”

खोटं कशाला बोलू? बोभाटा हे निम्मं कारण. अर्ज घेतला की नंबर पडणार आणि माझ्यामागं काम लागणार, हे दुसरं निम्मं.

दुसऱ्या गुरुवारी तेच. तिसऱ्या गुरुवारी तेच. त्या समाधानानं उठून जायच्या आणि मला वाटायचं, आपण एका आईला धीर दिला.

“सुबेदार, कळलं का काय?” त्या दारातून म्हणाल्या.

“आक्का, जरा बाहेर बसा. आज पार्लमेंटचं काम आलंय. दोनपर्यंत मान वर करायला सवड नाही.”

“पार्लमेंटचं?” त्यांचा आवाज एकदम खाली आला. “व्हय, व्हय. आदी देशाचं बगा. मी बसतो की हितं.”

आणि त्या बाकड्यावर बसल्या. माझ्या खुर्चीतून उघड्या दारातून त्यांचा गुडघा आणि मांडीवरची पिशवी दिसत होती.

एकच्या सुमाराला साहेब आले. “(ब) चं काय?”

“लेखी अर्ज एकही नाही, साहेब.”

“मग निरंक. आणि (क) लागू नाही.”

निरंक म्हणजे काही नाही. फौजेत त्याला निल रिपोर्ट म्हणतात. काही घडलं नसलं तरी ‘काही घडलं नाही’ हे वेळेत कळवायचं, हे फौजेनं माझ्या हाडात मुरवलंय. निरंक लिहिलेला कागद कधी परत येत नाही, त्याच्यावर कुणी प्रश्न विचारत नाही. क्लार्कला निरंकएवढं सुख दुसऱ्या कशात नाही. मी टाइप केलं. साहेबांनी सही केली. एक वाजून वीस मिनिटांनी मेल गेला. दोनची मुदत, चाळीस मिनिटं राखून. साहेबांनी चहा मागवला.

मी आक्कांना आत बोलावलं. खुर्चीत बसता बसता त्यांनी पिशवीतून एक घडी घातलेला झेरॉक्स काढला.

“आमच्या गल्लीतल्या गुरुजींनी लिवून दिलतं. तुमच्याकडं पयल्यांदा येऊन गेलतो न्हवं, त्येच्या दुसऱ्या दिवशी. खासदारांस्नी. परवा त्येंचा माणूस भेटला. म्हणला, आक्का, तुमचं दिल्लीत इचारलंय. म्हणून म्हटलं तुमास्नी इचारावं. तुमच्याकडं काय आलंय का वरनं?”

गुरुजींचं अक्षर मोत्यासारखं होतं. माझा मुलगा खुशाल आहे काय, एवढेच कोणी विचारून सांगावे, इतकंच होतं त्यात. त्या एका ओळीला दिल्लीत (अ), (ब), (क), (ड) फुटले होते आणि ती फिरून माझ्या टेबलावर आली होती. आणि मी तिला उत्तर दिलं होतं, की असं कुणी विचारलेलंच नाही.

झेरॉक्स हातात होता. तसाच उठून साहेबांच्या केबिनमध्ये गेलो.

“साहेब, ते (ब) चुकलं. बाहेरच्या बाई चार आठवडे येतायत. मी अर्जच घेतला नाही.”

साहेबांचा कप तोंडाजवळच थांबला. “अर्ज नाही ना? मग उत्तर बरोबर आहे.”

“पण खरं नाही.”

“सुभेदार, आता दुरुस्ती पाठवली तर कारण द्यावं लागेल. कारण काय देऊ? तुम्ही विसरलात म्हणून?” मग जरा नरमून म्हणाले, “आत्ता घ्या अर्ज. आत्ता करा फोन. त्याला मी कुठं नको म्हणतोय?”

मी वाद घातला नाही. तिथंच उभं राहून घालायला हवा होता. नाही घातला.

अर्ज घेतला. खुशालीचा पहिला अर्ज, आवक रजिस्टरात चढला. मग रेकॉर्ड ऑफिसला फोन लावला. प्रत्येक जवानाची सगळी कुंडली तिथं एका फाइलीत असते. त्या फाइलीत एक रकाना असतो, नेक्स्ट ऑफ किन. काही बरं-वाईट झालं तर घरात कुणाला कळवायचं, ते नाव. चोवीस वर्षं मी हेच रकाने तपासले होते. बाप वारला, घर बदललं, तरी पोरं हा रकाना बदलायचा विसरतात, हे फौजेतला कुठलाही क्लार्क झोपेत सांगेल. आणि आक्कांनी पहिल्याच दिवशी मला सांगितलं होतं, मालक गेले, घर बदललं.

पलीकडचा क्लार्क फाइल बघून आला. नाव वडिलांचं. पत्ता हातकणंगल्याचा. जवान सोळा दिवसांपूर्वी जखमी. डी.आय. लिस्टवर. म्हणजे डेंजरसली इल, जीवाला धोका. या यादीत नाव चढलं की घरच्यांना भेटायला बोलावतात, जायची-यायची सोय फौज करते. “सर, आम्ही फोन केले, नंबर बंद,” तो म्हणाला. “पत्र पाठवलं, ते परत आलं. घरनं कुणी आलं नाही.”

सोळा दिवस. म्हणजे दुसऱ्या गुरुवारी, मी बातमी नाही म्हणजे चांगलं म्हणत होतो तेव्हा, तो दवाखान्यात पडून होता.

“आक्का, संदीपचा पत्ता लागला. दवाखान्यात आहे. लागलंय त्याला. बरंच लागलंय.”

“जित्ता हाय न्हवं?”

“आहे.”

त्यांनी माझे दोन्ही हात धरले आणि कपाळाला लावले. “सुबेदार, तुमचं लई उपकार झालं बगा.” त्या भाजलेल्या बोटांचा खरखरीतपणा अजून माझ्या हाताला आहे. किती दिवस झाले, असं त्यांनी विचारलं. मी म्हणालो, “झाले थोडे.”

साहेबांनी त्या दिवशी जीव तोडून काम केलं, हेही सांगितलं पाहिजे. तिकिटं, फुकट प्रवासाचं फौजेचं रेल्वे वॉरंट, दवाखान्याला निरोप, सगळं स्वतः फोनवर बसून केलं. स्वतःची गाडी स्टेशनपर्यंत दिली. संध्याकाळच्या गाडीनं आक्का आणि त्यांचा भाऊ निघाले. दोन रात्रींचा प्रवास. शनिवारी सकाळी ते दवाखान्यात पोचले, तेव्हा संदीपला जाऊन चार तास झाले होते.

हुपरीला त्याला आणलं तेव्हा सगळं गाव लोटलं. बंदुका झडल्या, भाषणं झाली. मी गर्दीत मागं उभा होतो. पुढं जायचं धाडस झालं नाही.

त्याच आठवड्यात मंत्र्यांनी सभागृहात उत्तर दिलं. सगळ्या जिल्ह्यांची माहिती एकत्र करून सांगितलं, अशी एकही बाब आढळून आलेली नाही. मी दुरुस्तीचं पत्र लिहिलं: ‘(ब) येथे निरंक ऐवजी एक असे वाचावे.’ या वेळी साहेबांनी कारण विचारलं नाही, मुकाट्यानं सही केली. महिन्यानं वरून कागद आला. उत्तर सभागृहात दिलेले असल्याने कार्यवाहीची आवश्यकता नाही. दप्तरी दाखल.

त्यानंतर दवाखान्याचे कागद आले. त्यात एक तक्ता होता. ताप, नाडी, औषधं, आणि शेवटचा रकाना भेटायला आलेले नातेवाईक. अठरा दिवस, अठरा ओळी, प्रत्येक ओळीत सुबक अक्षरात ‘निल’. माझ्यासारख्याच कुणा क्लार्कनं रोज न चुकता भरलेलं. मी टेबलावर डोकं टेकलं आणि रडलो. साहेबांनी उठून दार ओढून घेतलं.

आक्का कागदांवर सह्या करायला आल्या. गुरुवारच होता. सह्या झाल्या, पिशवीचा बंद आवळला, तरी उठल्या नाहीत.

“तुमी म्हणायचा न्हवं, बातमी न्हाय म्हंजी चांगलं. मी बी गल्लीत समद्यांस्नी तेच सांगत हुतो.” आवाजात टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं. मग म्हणाल्या, “दिल्लीत माझं इचारलतं, त्येचं काय उत्तर आलं वो?”

काहीतरी सांगून वेळ मारून नेता आली असती. चार गुरुवार मी तेच केलं होतं. पाचव्यांदा जमलं नाही.

“आक्का, उत्तर मीच लिहिलं होतं. पार्लमेंटचं काम आलंय म्हणालो ना, त्याच दिवशी. मी लिहिलं, की असं कुणी विचारलंच नाही.”

त्यांनी माझ्याकडं बघितलं. मग दाराबाहेरच्या बाकड्याकडं बघितलं.

“अवो,” त्या म्हणाल्या, “मी तर भायेर बसलोतो की.”

लढाई थांबली, कक्ष बंद झाला, माझं कंत्राट संपलं. आता कुणी नवा क्लार्क काही विचारायला आला तर मी त्याला एवढंच सांगतो. निरंक लिहायचं असेल तर लिही बाबा, पण आधी खुर्चीतून ऊठ आणि व्हरांड्यात जाऊन बघून ये.