मी काकूंना बॅरिस्टर केलं

अमेरिकेत मी आज दोन पायांवर उभा आहे तो काकूंमुळे. हे पहिल्याच ओळीत सांगून टाकतो, कारण पुढचं वाचून कुणालाही वाटेल की या माणसावर उपकार करणं धोक्याचं आहे. काकूंचं नाव मात्र लिहीत नाही. नाव छापलेलं त्यांना खपत नाही, आणि मी ते एकदा छापून बसलोय.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. शिकागोत डेव्हन ॲव्हेन्यूवरच्या एका साड्यांच्या दुकानात मी शिंपी होतो. आठवीत गणितानं मला सोडलं आणि मी शाळेला. मामाच्या मशीनवर ब्लाउज शिकलो, आणि त्याच ब्लाउजांनी मला विमानात बसवलं. दुकानाच्या मागच्या खोलीत मशीन, तिथंच चहाची शेगडी, आणि खिडकीतून दिसायची ती शेजारच्या मिठाईवाल्याच्या रिकाम्या डब्यांची चळत. एवढीच माझी अमेरिका.

मालकांनी विमानतळावरच माझा पासपोर्ट मागून घेतला होता. म्हणाले, "हरवशील. माझ्याकडे सेफ राहील." वर्ष उलटलं तरी तो सेफच होता. मागितला की मालक म्हणायचे, "तुला कुठं फिरायला जायचंय, यार?" मला कुठंच जायचं नव्हतं. पण पोलिसाची गाडी दिसली की माझे पाय आपोआप रस्ता ओलांडायचे, आणि घरी पत्र लिहिताना 'मी मजेत आहे' या वाक्यावर पेन अडायचं.

काकू आमच्याकडे ब्लाउज टाकायला यायच्या. काका इथल्या इस्पितळात डॉक्टर. काकू लंडनला शिकलेल्या, तिथं बरीच वर्षं वकिली केलेल्या. पण लंडनचा परवाना शिकागोत चालत नाही. काकूंनी या वयात पुन्हा परीक्षा दिली, पासही झाल्या. आता शेवटचा टप्पा उरला होता. इथल्या वकिलांची एक समिती असते. ती माणसाची चालचलणूक तपासते आणि मगच परवाना देते. तोवर काकू एका अमेरिकन वकिलाच्या ऑफिसात फायली लावत होत्या.

एकदा बाहीचं माप घेता घेता, तोंडात टाचण्या धरूनच, मी त्यांना पासपोर्टचं सांगितलं.

"थांब," काकू म्हणाल्या. "सांग, पण मी वकील म्हणून ऐकत नाहीये."

"मग काय म्हणून ऐकताय?"

"गिऱ्हाईक म्हणून. बाही जरा सैल ठेव."

पुढच्या शनिवारी त्या आल्या त्या थेट गल्ल्यापाशी. मालकांना म्हणाल्या, "हे बघा, वकील म्हणून मला इथं एक शब्द बोलायचा अधिकार नाही." मालकांचा चेहरा एकदम खुलला. "मी गिऱ्हाईक आहे. ज्या दुकानात शिंप्याचा पासपोर्ट मालकाच्या ड्रॉवरमध्ये असतो तिथं मी ब्लाउज टाकत नाही. का टाकत नाही, हे मैत्रिणींनी विचारलं तर मला सांगावं लागेल. दिवाळी तोंडावर आली आहे."

"अहो काकू," मालक म्हणाले, "त्यानं कधी नीट मागितलाच नाही!" आणि पासपोर्ट ड्रॉवरमधून माझ्या हातात आला. त्याला धूपबत्तीचा वास येत होता.

त्या दिवसापासून काकूंसाठी काय करू आणि काय नको असं मला झालं. मी बिनपैशाचे फॉल लावून देतो म्हटलं, तर त्या घेईनात. उलट मीच त्यांच्याकडून जास्तीचं मागायचो. खोलीच्या भाड्याचा करार आला, घेऊन गेलो. व्हिसाचा कागद आला, घेऊन गेलो. काकू पोहे करायच्या, चहा करायच्या, कागदाकडे मात्र बघायच्याही नाहीत. "डोळे आहेत, परवाना नाही," एवढंच म्हणायच्या, आणि एका फुकट सल्ला देणाऱ्या केंद्राचा पत्ता हातात ठेवायच्या. मला फार लागायचं. इतकं कळतं, आणि नुसतं वाचून दाखवायलाही नको? मी ते सगळे कागद साडीच्या एका पिशवीत भरून ठेवले.

अशाच एका रविवारी मी त्यांच्या घरी पडदे लावत होतो. लंडनच्या मैत्रिणीचं पत्र आलं होतं. ते वाचून काकूंनी चष्मा काढला.

"काय झालं?" काकांनी विचारलं. "कोण गेलं?"

"तिकडे आम्हा सॉलिसिटर वकिलांना जाहिरात करायची मुभा दिली."

काका हसायला लागले. "मग? इथं तर वकील बसस्टॉपच्या बाकांवर झोपलेले असतात."

"तुम्हाला हसू येतंय. आमच्या ऑफिसात दारावरची पितळी पाटी जरा मोठी झाली, तर थोरल्या साहेबांनी काढून दुसरी लावायला लावली होती. काम नीट करा, लोक शोधत येतील, हे आम्हाला शिकवलं. आता म्हणे घरांची खरेदीखतंसुद्धा वकील नसलेल्यांना करू देणार आहेत. मग आम्ही उरलो कशाला?"

शिडीवर उभा राहून मी हे सगळं ऐकलं, आणि त्यातलं एकच माझ्या डोक्यात शिरलं. तिकडेही परवानगी, इकडेही परवानगी. म्हणजे आता अडचण कसलीच नाही.

पुढच्या वर्षीचे गणपती आले. आमच्या मंडळाच्या स्टेजचा पडदा मी शिवला होता. मंडळवाले म्हणाले, तुला स्मरणिकेत पाव पान देतो, शुभेच्छा छाप. आता माझ्या शुभेच्छांवाचून कुणाचं काय अडलं होतं? मी ते पान काकूंना वाहिलं. मजकूर स्वतः लिहिला. नमुना म्हणून रोज ज्या बाकावर बसची वाट बघायचो त्यावरची वकिलाची फोटोवाली जाहिरात घेतली. तेवढं इंग्रजी मला येत होतं. वर गणपती, खाली काकूंचं पूर्ण नाव, आणि मग: 'लंडन रिटर्न बॅरिस्टर. सर्व कोर्टकामे खात्रीने. केस जिंकली तरच फी!' त्याखाली त्यांच्या घरचा फोन.

आरती झाली, प्रसाद वाटला, नाटकाला अजून अवकाश होता. काकांनी स्मरणिका उघडली, ते पान वाचलं आणि खणखणीत आवाजात म्हणाले, "अहो बॅरिस्टर, जरा मोदक पास करा!"

काकूंनी पान वाचलं. मी शेजारीच उभा होतो, शाबासकीसाठी मान तिरकी करून.

"हे कुणी केलं?"

"मी," मी म्हणालो. "सरप्राइज."

त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या खुर्चीत बसल्या आणि मला हलक्या आवाजात समजावू लागल्या. "मी बॅरिस्टर नाही रे. बॅरिस्टर कोर्टात उभा राहतो, सॉलिसिटर मागून त्याची तयारी करून देतो. मी सॉलिसिटर. इथं तर तेही नाही. खात्री कुठलाच वकील देत नाही. आणि जिंकली तरच फी, हे तिकडे केलं असतं तर माझं नाव पटावरून काढलं असतं."

"आपल्याकडे विलायतेहून वकील होऊन आला की बॅरिस्टरच म्हणतात," मी म्हणालो. आमच्या गावात त्याहून मोठा शब्दच नव्हता.

"पुढच्या महिन्यात माझी समितीपुढं मुलाखत आहे. परवाना नसताना वकिली करते, एवढा संशय आला तरी संपलं."

आता माझ्या हातातला मोदक मला जड झाला.

काका म्हणाले, "अगं, पॅनिक होऊ नकोस. मराठीत आहे. त्यांना काय कळणार? विषय कॅन्सल कर."

"म्हणूनच मला भाषांतर करून द्यावं लागेल," काकू म्हणाल्या.

आणि दिलं त्यांनी. शब्द न् शब्द, 'खात्रीने' सकट, समितीच्या पुढ्यात स्वतः नेऊन ठेवलं. समितीनं सांगितलं, हा छापणारा माणूस घेऊन या.

मधल्या दिवसांत काकूंचा फोन वाजत राहिला. कुणाला पार्किंगचं तिकीट माफ करून हवं होतं, कुणाला नवरा. काकू प्रत्येकाला सांगायच्या, मी वकील नाही, चूक झाली आहे. एक बाई म्हणाल्या, बरं मग ब्लाउज तरी शिवून मिळेल का, जाहिरात शिंप्यानं दिली असं ऐकलंय.

मुलाखतीच्या दिवशी मी उसना कोट घालून गेलो. खांदे इतके उतरलेले, की शिंपी आहे हे सांगायची मला लाज वाटली. डाउनटाउनमधली उंच इमारत, लांब टेबल, पलीकडे तीन साहेब. मधल्या साहेबांना बघून मी दारातच थबकलो. हा चेहरा मी ओळखत होतो. मी रोज सकाळी याच्यावर बसत होतो.

साहेबांनी विचारलं, "या बाईंनी तुम्हाला ही जाहिरात द्यायला सांगितलं?"

"नाही सर. त्यांना विचारलं असतं तर त्यांनी देऊच दिली नसती. म्हणून विचारलं नाही."

"त्या तुमचं कायद्याचं काम करत होत्या?"

मला वाटलं, आता काकूंची बाजू सावरायची वेळ. पण घाबरलो की माझ्या तोंडून खरं बाहेर पडतं, आणि माझ्या मनात काकूंबद्दल जी एकमेव तक्रार साठली होती तीच बाहेर पडली. "कुठलं काम सर! भाड्याचा कागद नेला, वाचला नाही. व्हिसाचा नेला, हात लावला नाही. मी किती वेळा विनवलं! जेवायला घालतात, पण कागद दिसला की दुसऱ्या वकिलाचा पत्ता देतात. पासपोर्ट सोडवला तोसुद्धा गिऱ्हाईक म्हणून!" मी ती पिशवी बरोबरच नेली होती. टेबलावर उपडी केली. "हे बघा. सगळे तसेच आहेत."

काकूंनी डोळे मिटून घेतले. मला वाटलं, झालं, बुडवली मी त्यांना. काकू किती आखडू आहेत हेच मी समितीला पटवून दिलं.

मधल्या साहेबांनी भाषांतराचा कागद उचलला. "हे 'जिंकली तरच फी' तुम्हाला कुठून सुचलं?"

खोटं बोलायला तेवढं इंग्रजी लागतं. ते माझ्याकडे नव्हतं. "तुमच्या बाकावरून, सर."

कडेचे दोन साहेब खाली बघून खोकायला लागले. मधले साहेब लालबुंद झाले, आणि मग तेही हसले. त्यांनी माझे कागद स्वतः गोळा करून पिशवीत भरले आणि म्हणाले, "तुम्ही बाहेर बसा."

बाहेर मी गणपतीला काय काय बोललो ते इथं लिहिण्यासारखं नाही. शेवटी छपाईत त्याचंही चित्र होतं.

परवाना आला. काकूंनी मला फोन केला तेव्हा त्यांचा आवाज नेहमीसारखाच होता. म्हणाल्या, "ती पिशवी घेऊन ये."

त्यांच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर त्यांनी एकेक कागद वाचला, पहिल्यापासून, मला समजेल अशा मराठीत. भाड्याच्या करारातलं एक कलम माझ्या बाजूचं निघालं. व्हिसाच्या कागदावर सही कुठं करायची ते बोट ठेवून दाखवलं. पोहे तेवढे त्या दिवशी केले नाहीत.

निघताना मी शिवून नेलेला रेशमी ब्लाउज पुढं केला. रात्रंदिवस बसून काढलेलं काम होतं.

"आता तू माझा अशील आहेस," काकू म्हणाल्या. "अशिलाकडून मी भेट घेत नाही."

म्हणजे आधी परवाना नव्हता म्हणून घेत नव्हत्या, आणि आता आहे म्हणून. तो ब्लाउज अजून माझ्या कपाटात आहे. पुढं मी स्वतःचं छोटं दुकान काढलं, त्याचे कागदही त्यांनीच केले, त्यामुळे माझं अशीलपण काही संपत नाही. पण कधीतरी संपेल. त्या दिवशी मी हे सगळं फेडीन, काकू. काय करून फेडायचं, ते या वेळी आधी विचारीन.