उंबऱ्याआडून शिकवलेली पदं

आमच्या गावच्या मंडळीजवळ एकच नाटक होतं. देवदैत्यांचं, पदांनी भरलेलं. त्यातली राजकन्या गावचा शिंपी व्हायचा. धान घरात आलं की शंकरपट भरे. दिवसभर बैलजोड्यांची शर्यत आणि मग हे नाटक. नऊ हिवाळे हेच चाललं. बोदलकशाकडची माणसं बैलबंड्या जुंपून यायची आणि पदं म्हणतच परत जायची.

त्यातल्या चौथ्या हिवाळ्यात मी माहेरी परत आले. मला मूल झालं नाही म्हणून सासरी दुसरी आणली. मला कुणी जा म्हटलं नाही, पण एक दिवस माझी चूल वेगळी मांडली, आणि मला समजलं. सासर सालेकशाकडे, जंगलातलं. गोंदियाला गाडी बदलून तिरोड्याला उतरले आणि कपड्यांची ट्रंक डोक्यावर घेऊन भावाच्या घरी आले. भावानं काही विचारलं नाही. वहिनीनं मागची खोली झाडून दिली. वहिनी वाईट नव्हती, पण कामापुरतंच बोलायची. माझ्याशी मोकळं बोलायला त्या घरात कुणी नव्हतं, आणि हळूहळू माझीही सवय मोडली. दिवसदिवस माझा आवाज मलाच ऐकू यायचा नाही.

भाऊ मंडळीचा पेटीवाला आणि मुख्य. म्हणून तालमी आमच्या ओसरीत होत. मी आत तांदूळ निवडत ऐकायची.

नवव्या हिवाळ्यात शिंप्याचे पुढचे दोन दात पडले होते. त्याला मी दादा म्हणायची. वय चाळिशीच्या पुढं, बायको कधीची वारलेली, घरात एकटाच. नाटकात राजकन्या झाडाखाली बसून रडते ते पद त्यानं सुरू केलं आणि प्रत्येक ‘स’ला तोंडातून शिटी निघाली. लोकांतून कुणीतरी तशीच शिटी मारली. मग सगळे हसले. दादानं पद मध्येच सोडलं नाही. सगळी कडवी म्हटली, नमस्कार केला आणि आत गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो लुगड्याचं गाठोडं घेऊन आला आणि ते भावासमोर ठेवलं.

“भाऊ, हे नाटक आता उतरवा.”

“काऊन?”

“लोक रडाच्या जागी हासून राहिले. मी आता लुगडं नाई नेसत.”

भावानं समजूत घातली. दादा ऐकून घेत होता, पण गाठोडं त्यानं परत उचललं नाही.

मग पुढच्या वर्षी कोणतं नाटक, हा प्रश्न आला. मालगुजारी, म्हणजे गावची जमीनदारी, नुकतीच गेली होती. आधी मालगुजार सांगायचे ते व्हायचं. आता गावानंच ठरवायचं होतं. उन्हाळ्यात एका दुपारी दहाबारा जण आमच्या ओसरीत बसले. मी दारामागं होते.

शाळेचे गुरुजी गोंदियाचे, अर्धं हिंदी बोलायचे. त्यांना सामाजिक नाटक पाहिजे होतं, दारूबंदीवरचं. “आजकल लोकांना हेच पसंत आहे. तीन-चार पदांत काम होते. देवदैत्य पुरे झाले, भाई.”

जवान पोरांना तलवारीचं ऐतिहासिक नाटक हवं होतं. एकजण म्हणाला, “पदं सुरू झाली का मागचे लोक बिडी प्याले उठतात.”

भाऊ चिडला. “पदं नाई तं मी पेटी कायले वाजवू? अना हे लोक दहा कोसावरून तलवारी पाहाले येतात का?”

बराच वेळ असं चाललं. शिंपीदादा खांबाला टेकून बसला होता. शेवटी तो म्हणाला, “एक नाटक हाये. राजा रानीवर संशय घेते अना तिले वनात सोडून देते. सालेकशाकडं करतात. मी एकडाव पाहिलं. पदं लय चांगली.”

गुरुजी म्हणाले, “ते पुस्तक गोंदियात मिळते. पण पुस्तकात चाली कुठे असतात? चाली कोण देणार?”

दादा म्हणाला, “चाली याच घरात हायेत. बाई धान कांडते तवा मी आईकलो. कपडे द्याले आलो होतो.”

माझे हात सुपातच थांबले. मी कांडताना गुणगुणते हे मलाच ठाऊक नव्हतं.

भाऊ म्हणाला, “माह्या बहिनीचं नाव इथं काढू नोको.” आणि बैठक मोडली.

दोन दिवस भाऊ माझ्याकडं न बघता जेवला. तिसऱ्या दिवशी दुपारी वहिनी तळ्यावर गेली होती. मी त्याला वाढत होते. तो ताटाकडं बघत म्हणाला, “किती पदं येतात तुले?”

“सगळी.”

“कोनाकोनाची?”

“राजाची, रानीची, वनातल्या रुषीची. सगळ्यांची.”

“तो घरी म्हने का?”

“हो.”

माझा नवरा त्या नाटकात राजा होता. संध्याकाळी बैल बांधून झाले की अंगणात पदं घोटायचा. जोडीची पदं एकट्याला म्हणता यायची नाहीत, म्हणून राणीची पदं मला म्हणायला लावायचा. तो बाजेवर, मी भाताच्या चुलीपाशी. एरवी तो माझ्याशी पाण्यापावसाचं, गुराढोरांचं बोले. त्याच्यासोबत धड काही बोलणं झालं असेल तर ते त्या पदांतूनच. चार वर्षं. हे भावाला मी कधी सांगितलं नव्हतं, तेव्हाही सांगितलं नाही.

भावानं हात धुतला. “मंग शिकव,” म्हणाला आणि गोंदियाला पुस्तक आणायला माणूस पाठवला.

राणीच्या पार्टासाठी एकोणीस वर्षांचा शेतकऱ्याचा पोरगा निवडला. आवाज गोड, पण लाजाळू. भावानं शिकवण्याची रीत ठरवली. मी आत बसायचं, पोरानं ओसरीत बसायचं, आणि मध्ये उंबऱ्यावर शिंपीदादा. मी हळू आवाजात ओळ म्हणायची, दादानं ती उचलायची, आणि पोरानं दादाकडून घ्यायची. लोकांनी नावं ठेवू नयेत म्हणून ही तजवीज. दादाच्या तोंडून ओळ निघाली की शिटी वाजायची. पहिल्या दिवशी पोरगा हसला. दादाही हसला आणि म्हणाला, “शिटी सोड, बाकीचं घे.”

चार-सहा दिवसांत पोरगा सरळ माझाच आवाज पकडायला लागला. दादानं ओळ म्हणायच्या आधीच तो म्हणून मोकळा व्हायचा. मग दादा गप्प बसू लागला. तरी रोज यायचा. उंबऱ्यावर बसून काजं शिवायचा.

एकदा पोरगा पाणी प्यायला विहिरीकडं गेला होता आणि भाऊ पेटीचा भाता बघत अंगणात बसला होता. मी विचारलं, “दादा, तुले वाईट वाटते का?”

“वाटते,” दादा म्हणाला. “घरी कोन हाये मले? वर्षातून एकडाव लुगडं नेसलो का सगरे माह्याकडं पाहत. आता कोनी पाहत नाई.”

मलाही त्याला काही सांगावंसं वाटलं. पण काय सांगायचं ते जुळेना, आणि तेवढ्यात पोरगा आला.

ते पावसाळ्याचे महिने. सकाळी बांधीत धानाचं रोवणं, दुपारी तालीम. सहा वर्षांत पहिल्यांदाच मला दुपारची वाट बघावीशी वाटत होती. चिखलातून आले की पाय धुऊन, केस सारखे करून दारामागं बसायची. मला कुणी बघणार नव्हतं, तरी केस सारखे करायची. वहिनी एकदा म्हणाली, “आजकाल तू बरी जेवून राहिली.”

वनातल्या पदाची वेळ आली. राजानं सोडून दिल्यावर राणी झाडाझुडपांना विचारते, माझं काय चुकलं. सासरी ही चाल जलद होती, टाळ्या घेणारी, शेवटी मोठी तान. तिथं हेच पद लोक पुन्हा म्हणायला लावायचे. मी तोंड उघडलं आणि मला ते तसं म्हणता आलं नाही. सूर खाली आला, ओळी सुट्या सुट्या झाल्या. शेवटची तान मी घेतलीच नाही. पोरानं जसं ऐकलं तसं म्हटलं.

भाऊ पेटीवर थांबला. “बाई, चाल अशीच हाये का?”

“अशीच हाये,” मी म्हणाले.

भावाशी मी लहानपणानंतर खोटं बोलले ते तेवढंच.

हिवाळ्यात शंकरपट झाला आणि नाटक लागलं. मी बायकांत बसले होते. वनातलं पद आलं. पोरगा झाडाच्या बुंध्याशी बसला आणि हळू आवाजात म्हणू लागला. बिडी प्यायला कुणी उठलं नाही. पुढची एक म्हातारी पदरानं डोळे पुसत होती. माझाच सूर दुसऱ्याच्या गळ्यातून येत होता, आणि हजार माणसांत ते सांगायला माझ्याजवळ कुणी नव्हतं. वहिनी तिच्या धाकट्याला मांडीवर घेऊन केव्हाच झोपली होती. पडद्याच्या बाजूला, राणीला लुगडं नेसवून झाल्यावर, शिंपीदादा उभा होता. त्यानं लांबून माझ्याकडं बघितलं आणि मान हलवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी अंगणात एक माणूस उभा राहिला. माझा नवरा. कानाजवळचे केस पांढरे झाले होते. भावानं त्याला बाजेवर बसवलं आणि मला पाणी आणायला सांगितलं. मी तांब्या नेऊन ठेवला आणि दारात उभी राहिले.

तो भावाला म्हणाला, “गोंदियाच्या बाजारात आईकलो, तुमच्या गावी आमचं नाटक बसून राहिलं. म्हणून पाहाले आलो.”

“बरं केलं,” भाऊ म्हणाला.

“चाली आमच्या गावच्या हायेत.”

“हो.”

“कोनी देल्या?”

भावानं दाराकडं बघितलं. नवऱ्यानं तांब्या जवळ ओढला. मग माझ्याकडं न बघताच म्हणाला, “वनातलं पद आमचं असं नोहतं.”

“नोहतं,” मी म्हणाले. “ती चाल मी बदलवली.”

“काऊन?”

“तिले सोडून देल्लं हाये. ती एवढ्या घाईनं कायले म्हणंल?”

त्यानं तांब्या उचलला. पाणी प्याला, उठला, भावाला रामराम केला. अंगणाच्या टोकाशी थांबून भावाला म्हणाला, “नाटक चांगलं झालं.” मग तिरोड्याच्या वाटेनं गेला. मी तो दिसेनासा होईपर्यंत उभी राहिले असं कुणी म्हणेल, पण मी राहिले नाही. उंबऱ्यावरून आत आले आणि धान कांडायला घेतलं. मुसळ दोनदा चुकलं.

थोड्या वेळानं भाऊ आत आला. “बाई, तू मले खोटं सांगतलं.”

“हो.”

“पहिलेची कशी होती?”

मी त्याला जुनी, जलद चाल म्हणून दाखवली. तो ऐकत उभा राहिला. मग म्हणाला, “राहू दे. आपलीच ठेवू.”

ते नाटक पाच हिवाळे चाललं. आजूबाजूच्या गावांतही मंडळीला बोलावणं यायचं. मी फक्त आमच्याच गावचा खेळ बघितला, बाकी ठिकाणी बायका जात नसत. तालमी पहिल्या वर्षीच लागल्या. पुढं पोराला सगळं पाठ झालं, आणि दुपारी दारामागं बसायचं काम उरलं नाही. शिंपीदादाचे डोळे गेले. भाच्यानं त्याला गोंदियाजवळ फुलचूरला नेलं. तो वारल्याचं आम्हाला महिन्यानं कळलं, कापड घ्यायला गेलेल्या माणसाकडून. मी त्या दिवशी जेवले नाही. वहिनीनं कारण विचारलं, तेव्हा पोट दुखते म्हणाले.

सहाव्या वर्षी पुन्हा बैठक झाली. या वेळी फार वाद झाला नाही. नागपूरहून नटी आणायच्या असं शेजारच्या दोन-तीन गावांनी ठरवलं होतं. बाई बाईचं काम करणार म्हटल्यावर लुगडं नेसलेल्या पुरुषाला बघायला कोण येतं? गुरुजींचं सामाजिक नाटक ठरलं. भावानंही मान डोलावली. मला वाईट वाटलं, पण गुरुजी चुकीचं बोलत नव्हते.

शंकरपटाच्या दिवशी सकाळी नागपूरची नटी आली. तिला आमच्याकडं उतरवलं, माझ्याच खोलीत. पंचविशीची असेल. प्रवासानं चेहरा उतरला होता. बरोबर एक म्हातारा मामा, तो ओसरीत झोपला. मी तिला भात आणि वरण वाढलं. ती भिंतीला टेकून जेवली. जेवताना तिनं मला विचारलं, “बाई, तुम्ही एकट्याच राहता या खोलीत?”

“हो.”

“मीही एकटीच असते,” ती म्हणाली. “आज इथं, उद्या दुसऱ्या गावी.” मग म्हणाली, “तुमचा आवाज छान आहे. गाता का?”

“नाई,” मी म्हणाले.

तिनं ताट सरकवलं. मी तिच्यासाठी न्हाणीत गरम पाणी काढून ठेवलं, धुतलेलं लुगडं खुंटीवर अडकवलं आणि खेळाआधी तिला थोडं झोपता यावं म्हणून बाहेरून दार ओढून घेतलं.