बिननावी फॉर्मवरची सही

कचेरीत त्यांना सगळे जावकराव म्हणत. खरं नाव होतं, नाही असं नाही, पण ते पगारपत्रकात पडून असायचं. चार मजल्यांच्या त्या जुन्या, बड्या कंपनीत आलेल्या कागदावर आवक क्रमांक, जाणाऱ्या कागदावर जावक क्रमांक टाकायचा, तारीख घालायची आणि कोपऱ्यात छोटी सही ठोकायची, हे काम ते एकतीस वर्षं करत होते. सही तरी कसली? मांजराच्या शेपटीसारखा एक वळसा आणि खाली टिंब. हाताला इतकी सवय की घरच्या सामानाच्या यादीवरही तारीख घालून सही व्हायची. बायको म्हणायची, "अहो, साबण आणायचाय, मंजूर करायचा नाहीये."

चहाच्या वेळी सगळे कंपनीच्या नावानं बोटं मोडायचे. जावकराव तेवढे खाल्ल्या मिठाला जागून गप्प बसायचे.

एके दिवशी वरून परिपत्रक आलं. कर्मचाऱ्यांनी कंपनीविषयीचं मत मोकळेपणानं कळवावं, नाव लिहू नये. वीस प्रश्न, होय-नाहीचे चौकोन आणि मनातलं लिहायला खाली चार ओळी. आता बघा गंमत. गर्जेल तो पडेल काय म्हणतात ते उगाच नाही. बोटं मोडणाऱ्या झाडून सगळ्यांनी 'होय, होय' अशा खुणा केल्या आणि खाली लिहिलं, 'समाधानी आहे.'

जावकरावांनी मात्र, विचारलंय तर खरं सांगावं, म्हणून लिहिलं, 'पंखा दुरुस्त करायचा तर अकरा सह्या लागतात. अकरावी होईपर्यंत हिवाळा येतो. वरच्या मजल्यावरचे साहेब खाली उतरतात ते फक्त घरी जायला.' सातवा प्रश्न होता, 'कंपनीत आपल्याला ओळखतात असं वाटतं का?' तिथे त्यांनी ऐटीत 'होय' केलं. त्यांच्या सहीवाचून एक कागद हलत नव्हता, मग खोटं कशाला बोला?

फॉर्म पेटीत टाकून ते जागेवर आले, चहाचा कप उचलला आणि तसाच खाली ठेवला. बिननावी फॉर्मच्या कोपऱ्यात त्यांनी तारीख घालून सही ठोकली होती. पेटीला कुलूप. बसा आता.

मागे एका टायपिस्टबाईंनी सूचनापेटीत खरी सूचना टाकली, तर त्यांची शहराबाहेरच्या गोदामात बदली झाली होती. जावकरावांना निवृत्तीला अकरा महिने राहिले होते. घर कचेरीच्या मागच्याच गल्लीत, त्यामुळे दुपारी एकला जाऊन ते बायकोच्या डोळ्यांत औषधाचे थेंब घालत. थेंब चुकले तर आहे ती नजरही जाईल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. तिनं स्वतः घातले की ते गालावर पडायचे. गोदामातून दुपारी घरी येणं शक्यच नव्हतं.

"अहो, बाटलीचं झाकण तरी काढा. लक्ष कुठंय आज?" त्या दुपारी तिनं विचारलं. त्यांनी सगळं सांगितलं.

"एकतीस वर्षांत एकदा खरं बोललात," ती म्हणाली, "तेही सही करून. धन्य आहे तुमची. डोळा उघडा धरा माझा."

तिसऱ्या दिवशी कर्मचारी विभागाच्या साहेबांचं बोलावणं आलं. समोर तोच फॉर्म. "जावकराव, बसा. सगळ्यांचे कागद तुमच्या हाताखालून जातात. ही सही कुणाची, तेवढं शोधून द्या. आम्ही तिघांनी पाहिली, कुणालाच ओळखू येईना."

सुटलो, हेच त्यांच्या मनात आधी आलं. "शोधतो साहेब," म्हणून ते उठलेही. तेवढ्यात साहेबांच्या टेबलावरच्या गठ्ठ्याकडे लक्ष गेलं. सकाळीच खालून आलेले कागद, आणि प्रत्येकाच्या कोपऱ्यात तोच वळसा, तेच टिंब. साहेबांनी त्यावर कोपर टेकलं होतं. जावकरावांना फार वाईट वाटलं. गोदामाच्या भीतीपेक्षा ते जास्त लागलं.

"साहेब, पेन द्या जरा."

त्यांनी सातव्या प्रश्नाचं 'होय' खोडलं आणि 'नाही'वर खूण केली. खाडाखोड केली की शेजारी सही हवी, हा कंपनीचाच नियम. त्यांनी ती केली, टिंबासकट.

साहेब एकदा सहीकडे, एकदा त्यांच्याकडे बघत राहिले. "म्हणजे... हे तुम्ही?"

"मीच. गोदामाचा हुकूम काढणार असाल तर चारच्या आत खाली पाठवा. जावक क्रमांक मलाच टाकावा लागेल."

आणि ते घरी गेले, कारण एक वाजत आला होता.

हुकूम निघाला म्हणे. पण कंपनी ती कंपनीच, त्यालाही अकरा सह्या लागायच्या. अकरा महिन्यांनी जावकराव निवृत्त झाले तेव्हा तो नवव्या सहीपाशी अडकला होता. तोवर दुपारचे थेंब एक दिवसही चुकले नव्हते.